झेब्रा मासा: मुंबईच्या घरात पाळण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत

नवीन टाकी घ्यायला दुकानात गेलात की एक सल्ला हमखास मिळतो. ‘आधी चार झेब्रा सोडा. ते जगले तर महागाचे मासे न्या.’ पंधरा वर्षांपूर्वी मलाही तो मिळाला होता आणि मी तो ऐकला. चारपैकी तीन झेब्रा आठवड्याभरात गेले. चौथा एकटाच काचेला समांतर येरझारा घालत राहिला. या माशाला मरण्यासाठीच विकत घेतात, हे तेव्हा कळलं आणि अजूनही खुपतं. झेब्रा चिवट आहे हे खरं, पण चिवट आहे म्हणून त्याच्यावर नवं, विषारी पाणी तपासून पाहायचं, हे मला पटत नाही. हा लेख झेब्रालाच मुख्य मासा मानून लिहिला आहे. भांडुपच्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला दोन फुटी टाकी आहे. तिथे जे जमलं, ते मुंबईतल्या कुठल्याही घरात जमायला हरकत नाही.

झेब्राचं शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. आपल्या बाजारातल्या रोहू, कटला, मृगळ यांचा हा साडेतीन-चार सेंटीमीटरचा भाऊबंद. मूळ घर गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात: भातखाचरं, त्यांच्या कडेचे चर, संथ ओढे, डबकी. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही झेब्रावर संशोधन चालतं. त्याची अंडी आणि नवी पिल्लं इतकी पारदर्शक असतात की धडधडणारं हृदय साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार जनुक सापडलं.

या भाऊबंदांच्या दोन शारीरिक गोष्टी आधीच सांगते, कारण पुढचे बरेच नियम त्यांतूनच निघतात. एक, या माशांना जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न थेट आतड्यात जातं, म्हणून एकदम भरपूर खाणं त्यांना झेपत नाही. दोन, पोहण्याची हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी छोट्या हाडांची साखळी त्यांच्यात असते. त्यामुळे त्यांना आवाज फार नीट ऐकू येतो. काचेवर टकटक करू नका, मुलांनाही करू देऊ नका. गणपतीत मंडळाचे स्पीकर ज्या भिंतीकडे तोंड करून लागतात, त्या भिंतीला टेकून टाकी ठेवू नका.

टाकी आणि जागा

उंच, सुबक टाकीपेक्षा लांब टाकी घ्या. झेब्रा वर-खाली कमी आणि आडवा जास्त पळतो. माझ्या मते कमीत कमी माप २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात ५६ लिटर बसतात, वाळू आणि वरची रिकामी जागा धरून प्रत्यक्षात ४५-४८ लिटर. काच, पाणी, वाळू मिळून वजन साठ किलोच्या वर जातं, म्हणून प्लॅस्टिकच्या रॅकवर किंवा टीव्हीच्या हलक्या टेबलावर ती ठेवू नका. खाली थर्माकोलचा पातळ ताव अंथरा. टेबल किंचित असमान असलं तरी तळाच्या काचेवर ताण येत नाही.

गोल काचेचा बाउल घेऊच नका. आणि झाकण हवंच. झेब्रा उडी मारतो, विशेषतः नवीन असताना आणि नर मादीच्या मागे लागला असताना. जाळीचं झाकण उत्तम, हवाही खेळती राहते.

खिडकीचं थेट ऊन टाळा, नाहीतर आठ दिवसांत काच हिरवी होते. स्वयंपाकघरात ठेवायची असेल तर शेगडीपासून जमेल तितकी लांब. फोडणीची वाफ पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा धरते. मोठ्या माशांना त्याचा थोडाच त्रास होतो, पिल्लांच्या मात्र तो जिवावर उठतो. त्याबद्दल पुढे.

फिल्टर स्पंजचा घ्या, एअर पंपावर चालणारा. स्वस्त आहे, हवाही देतो, पिल्लांना ओढून घेत नाही. हीटर मुंबईत लागत नाही. जानेवारीतल्या थंड रात्रीही घरातलं पाणी झेब्राला सोसेल इतकंच उतरतं. आपली खरी अडचण एप्रिल-मेची आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्या दिवसांत पंप चोवीस तास चालू ठेवा आणि टाकीच्या तोंडावर टेबलफॅनचा वारा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फ टाकू नका, एकदम उतरलेलं तापमान उकाड्यापेक्षा जास्त बाधतं.

बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप घरात असू द्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळ्या मुंबईची वीज गेली, तेव्हा मी दर दहा मिनिटांनी वाटीने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत ओतत होते.

नळाचं पाणी

महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी या सात तलावांतून येतं आणि झेब्राला ते मानवतं. अडचण एकच, क्लोरीन. माशाच्या कल्ल्यांना तो जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. बादलीत पाणी भरून, त्यात एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड (एअर स्टोन) सोडून २४ तास मुरवत ठेवलं तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानातलं अँटिक्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घाला, अंदाजाने नाही. पावसाळ्यात क्लोरीनचा वास मला जास्त जाणवतो, तेव्हा मी दोन्ही करते.

सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर आधी चौकशी करा. समुद्राजवळच्या भागात बोअरचं पाणी खारट निघतं. टाकीसाठी पिण्याच्या नळाचंच पाणी घ्या.

मासे आणण्याआधीचे चार आठवडे

दुकानदार हा भाग सांगत नाही. माझे पहिले तीन झेब्रा यातच गेले.

माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते स्पंजवर, वाळूवर वसायला वेळ घेतात. पाणी जितकं उबदार आणि अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त घातक, म्हणून आपल्या हवेत ही घाई आणखी महाग पडते. दुसरी बाजू अशी की याच उबेत जिवाणूही लवकर वाढतात.

माशांविना टाकी तयार करा. वाळू नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत धुऊन पसरा, क्लोरीन काढलेलं पाणी भरा, फिल्टर सुरू करा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, जणू आत मासे आहेत. ते कुजून अमोनिया देईल आणि जिवाणूंना खाद्य मिळेल. थेंब टाकून रंग बघायचा टेस्ट किट घ्या. टाकी, फिल्टर, मासे या सगळ्या खर्चात मला तोच सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढेल. पुढे तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. मग तेही उतरेल. खाणं टाकूनही सलग चार-पाच दिवस दोन्ही शून्य आणि नायट्रेट मात्र दिसतंय, असं झालं की टाकी तयार. मुंबईत मला यासाठी तीन ते पाच आठवडे लागले आहेत.

ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. ओलाच आणा आणि लगेच आपल्या टाकीत ठेवा. निम्मा वेळ वाचतो. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, पण माझा भरवसा स्पंजच्या तुकड्यावरच आहे.

मधल्या काळात झाडं लावा. हायड्रिला, वॅलिसनेरिया, जावा मॉस यांना खास दिवे लागत नाहीत. मॉसचा एक गोळा जास्त घ्या, पिल्लांसाठी लागेल.

मासे निवडताना

क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव प्राण्यांच्या गल्लीत किंवा कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात झेब्रा मुबलक मिळतात. सकाळी लवकर जा. दुपारी पिशव्यांतलं पाणी तापलेलं असतं. दहा मिनिटं नुसतं बघा. कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत जाणारे निळे पट्टे सलग हवेत, पर उघडलेले हवेत, पोट खपाटीला गेलेलं नको, पाठ वाकलेली नको. ज्या टाकीत एकही मेलेला मासा तरंगतो आहे, तिथून काहीच घेऊ नका.

सहापेक्षा कमी झेब्रा कधीही नेऊ नका. दहा असतील तर उत्तम. थव्याने राहणारा मासा आहे हा. दोन-तीनच असले की एक दुसऱ्याच्या मागे लागून त्याला जगू देत नाही. सहांच्या वर गेलात की ती मारामारी सगळ्यांत विभागली जाते. मादी जाडसर, पोटाशी रुपेरी. नर सडपातळ, पट्ट्यांमधल्या जागेत सोनेरी झाक. एका नराला दोन माद्या पडतील असं बघा. ठिपक्यांचा ‘लेपर्ड’ आणि लांब परांचा झेब्रा हेही याच जातीचे आहेत, एकत्र राहतात.

चमकणारे लाल, हिरवे, नारिंगी झेब्राही दिसतात. जेलीफिश आणि प्रवाळ यांची जनुकं घालून ते केलेले आहेत. भारतात जनुकबदल केलेल्या जीवांना १९८९ च्या नियमांनुसार सरकारी परवानगी लागते. मी ते घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

गर्दीच्या वेळची लोकल टाळून घरी या. पिशवी कापडी थैलीत ठेवा, अंधारात मासे शांत राहतात. घरी पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी आत घाला. शेवटी जाळीने मासे सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. जाळी हळू फिरवा. झेब्राची कातडी फाटली की तिच्यातून पाण्यात एक रसायन मिसळतं, आणि तेवढ्यावरून बाकीचे सगळे घाबरून तळाशी गोठून बसतात. पहिल्या दिवशी खायला घालू नका, दिवाही लावू नका.

रोजचं आणि आठवड्याचं

खाणं दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी दोन मिनिटांत संपेल इतकंच. फ्लेक, म्हणजे माशांच्या खाण्याचे पातळ पापुद्रे, बोटांत चुरून टाका, तोंड लहान आहे. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव), आणि एक दिवस उपास. गटारात वाढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे मी घालत नाही, त्यांच्यातून रोग येतात. डासांच्या अळ्यांवर झेब्रा तुटून पडतो, पण त्यांच्यासाठी गॅलरीत बादली उघडी ठेवू नका. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि महापालिकेचं कीटकनाशक खातं त्यासाठी नोटीस देतं. मुरवायला ठेवलेल्या पाण्यावरही बारीक जाळीचं कापड बांधा.

दर आठवड्याला एक बादली, म्हणजे १२ ते १५ लिटर पाणी बदला. नळी लावून वाळूवरची घाण ओढत पाणी काढा. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका, क्लोरीनने महिनाभर जमवलेले जिवाणू क्षणात जातात. काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळा. ते पाणी कुंड्यांना घाला, तुळस खूश होते.

नवे मासे आणले तर पंधरा दिवस वेगळ्या डब्यात ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर ते परजीवी आहेत. सगळ्या टाकीवर उपचार करावा लागतो आणि ठिपके गेले तरी औषधाचे दिवस पूर्ण करावे लागतात. मासा वाळत चालला, पाठ वाकली, तर त्याला लगेच वेगळा करा. ही माशांच्या क्षयाची लक्षणं असू शकतात, आणि त्याचे जिवाणू माणसाच्या जखमेतून त्वचेत शिरू शकतात. हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालू नका.

अंडी: सगळं पहाटेवर अवलंबून

झेब्रा अंडी पहाटे घालतो, उजेड पडल्यावर पहिल्या तास-दोन तासांत. प्रयोगशाळांत १४ तास उजेड आणि १० तास गडद अंधार, पाणी साधारण २८ अंश, असं वेळापत्रक पाळतात. मुंबईत वर्षातले बरेच महिने २८ अंश आपोआप मिळतात. अंधार मात्र मिळवावा लागतो. माझे पहिले चार प्रयत्न फसले, कारण रात्री पाणी प्यायला कुणीतरी उठायचं आणि स्वयंपाकघराचा दिवा लागायचा. जाड चादर पांघरायला सुरुवात केली आणि पाचव्या वेळी सकाळी तळाशी अंडी होती.

आधी दहा दिवस नर-माद्या वेगळ्या ठेवून चांगलं खाऊ घाला. त्याच काळात पिल्लांच्या खाण्याची तयारी सुरू करा, अंडी घालायच्या आधीच. बरणीत जुन्या टाकीचं पाणी घ्या, त्यात कोबीचं एक पान किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा टाका, तोंडाला कापड बांधा. दोन दिवसांत पाणी दुधाळ होईल, वास येईल. चार-पाच दिवसांत ते निवळेल आणि उजेडासमोर धरलं तर धुळीसारखे हलणारे कण दिसतील. तेच पिल्लांचं पहिलं अन्न.

आता दहा-बारा लिटरचा प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा घ्या. त्यात निम्मं टाकीचं आणि निम्मं मुरवलेलं पाणी, जेमतेम वीतभर खोल. आई-बापच अंडी खातात, म्हणून तळाशी मुलांच्या खेळायच्या गोट्यांचे दोन थर द्या. अंडी चिकटत नाहीत, गोट्यांच्या फटींतून खाली जातात. एका कोपऱ्यात मॉस. संध्याकाळी दोन माद्या आणि तीन नर सोडा, झाकण लावा, चादर पांघरा. पहाटे पालिकेचं पाणी आलं की मी उठते, चादर काढते, दिवा लावते आणि बाजूला होते. नर माद्यांना गोट्यांवर आणि मॉसकडे हाकत नेतात. नऊच्या सुमारास मोठे मासे काढून मुख्य टाकीत परत सोडा. गोट्या हलकेच उचलून घ्या. खाली पाऊण मिलिमीटरचे काचेचे मणी दिसले तर जमलं. एक चांगली मादी एका पहाटे शे-दोनशे अंडी घालते. नाही जमलं तर जोड्या बदलून आठवड्याने पुन्हा.

दुपारपर्यंत काही अंडी पांढरी पडतील. ती मेलेली असतात. ड्रॉपरने काढून टाका, नाहीतर बुरशी बाकीच्यांवर पसरते. बुरशी रोखणाऱ्या मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाचा एखादा थेंब टाका, पाणी फिकट निळं दिसेल इतकाच.

पहिले पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन बघा. अंड्यात डोळे, वळवळणारी शेपटी आणि चालू असलेलं हृदय दिसतं. मी आजवर कितीदा तरी पाहिलं आहे आणि दर वेळी चहा गार होतो. दोन ते तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पापणीच्या केसांसारखी काचेला लटकून राहतात. ती मेलेली नाहीत, पोटाखालच्या बलकावर जगत आहेत. आता खायला घालू नका.

पाचव्या दिवसाच्या आसपास ती पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि पोहण्याची पिशवी फुगवतात. पाण्यावर तेलाचा पापुद्रा असेल तर त्यांना हवा घेता येत नाही आणि ती तळाशीच राहून मरतात. माझी एक पूर्ण खेप अशी गेली, कारण डबा शेगडीजवळ होता. रोज सकाळी साधा कोरा कागद पाण्यावर अलगद टेकवून उचला, पापुद्रा त्याला चिकटून येतो. डबा बेडरूममध्ये ठेवलात तर आणखी बरं.

पोहायला लागली की त्याच दिवसापासून बरणीतलं निवळ पाणी ड्रॉपरने दिवसातून तीन-चारदा द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक कपड्यातून गाळून देतात, पण तो पाणी फार लवकर नासवतो. द्यायचाच तर सुईच्या टोकाइतका. पिल्लाचं पोट फुगीर दिसतंय का, एवढं बघत राहा. रोज एक-दोन वाट्या पाणी काढा आणि तितकंच टाकीचं पाणी थेंब-थेंब घाला. काढताना नळीच्या तोंडाला पातळ मलमलचं कापड बांधा.

दहाव्या दिवसाच्या सुमारास आर्टेमिया सुरू करा. एक लिटर पाण्यात सपाट पाच चमचे खडेमीठ, चिमूटभर अंडी, जोरात हवा. आपल्या उबेत २४ ते ३६ तासांत नारिंगी पिल्लं निघतात. हवा बंद करा, टरफलं वर तरंगतील, खालून नळीने पिल्लं ओढा, कपड्यात गाळा, गोड्या पाण्यात धुवा आणि मगच द्या. झेब्राच्या पिल्लांची पोटं नारिंगी झाली की समजा, त्यातली बरीच वाचणार. महिन्याभरात पट्टे उमटतात, तीन महिन्यांत ती स्वतः अंडी घालण्याजोगी होतात.

तोवर घरात शंभर झेब्रा झालेले असतील. कुणाला द्यायचे हे आधीच ठरवून ठेवा. मी शेजारपाजारच्या मुलांना देते, पण तयार टाकी पाहिल्याशिवाय नाही. पवई, विहार, तुळशी, उद्यानातला ओढा, कुठेही सोडू नका. घरातल्या टाकीतले रोग तिथल्या स्थानिक माशांपर्यंत पोहोचतात. शेजारच्या एका मुलाची टाकी सध्या तिसऱ्या आठवड्यात आहे, नायट्राइट उतरायला लागलं आहे. त्याचे दहा झेब्रा माझ्याकडे वेगळ्या डब्यात वाढत आहेत.